वसिलाचं नाक

वसिलाचा दुभाष्या नेमका त्या दिवशी आजारी पडला, म्हणून इस्तंबूलच्या त्या प्लास्टिक सर्जरीच्या दवाखान्यात वरच्या मजल्यावरच्या दुभाष्याला, जेमिलला, खाली बोलावलं. वरचा मजला टकलांचा. देशोदेशीचे पुरुष तिथे केस लावून घ्यायला येत आणि सगळ्यांचं म्हणणं एकच असे... दाट करा. त्यामुळे लांब ऐकायचं आणि छोटं सांगायचं, ही जेमिलची सवय झालेली.

वसिला अल्जेरियातल्या ओरानची. हँडबॉल खेळताना तिचं नाक मोडून वाकडं झालं होतं. डॉक्टर जांभळ्या पेनाने तिच्या चेहऱ्यावर रेघा मारत होते.

"वाकडेपणा काढा," ती अरबीत सांगत होती, "पण मधला उंचवटा ठेवा. तो माझ्या आईचा आहे. आई गेली... आता आरशात तेवढीच दिसते मला."

जेमिल तुर्कीत दोन शब्द बोलला.

"मी एवढं बोलले, आणि तुमचे दोनच शब्द?"

"तुर्की आटोपशीर भाषा आहे," तो हसला. मेल्याचं हसणं चांगलं होतं. त्या हसण्यावर ती भुलली, ऑपरेशन झालं, आणि पुढे आठवडाभर प्लास्टरखाली नाक ठणकत राहिलं.

दुपारी तो हॉटेलवर मसूरडाळीचं सूप घेऊन यायचा.

"तुमचं काम टकलांकडे ना?"

"त्यांना माझी आठवण येत नाही."

"मला येते असं कोणी सांगितलं?"

"रोज सूप भिकार म्हणता, आणि वाटी चाटूनपुसून परत देता."

खरं होतं, म्हणूनच तिला राग आला. राग आला, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी तिने दोनदा केस विंचरले.

सातव्या दिवशी प्लास्टर निघालं. इथली रीतच होती — पेशंटच्या हाती आरसा द्यायचा, समोर कॅमेरा, आणि पेशंटने आनंदाने रडायचं. वसिलाने आरशात पाहिलं. भिंतीवरच्या जाहिरातीतलं गुळगुळीत, टोकाला वर उचललेलं नाक. आई कुठेच नव्हती.

"खूश आहेत ना? विचारून सांगा," डॉक्टर जेमिलला म्हणाले.

वसिला रडली नाही. बोलली. आईचं नाव घेऊन, डॉक्टरांना चोर म्हणून, श्वास न घेता बोलली. कॅमेरेवाल्याला अक्षर कळलं नाही, त्याने अंगठा दाखवला.

"थोडक्यात काय म्हणतायत?" डॉक्टरांनी विचारलं.

जेमिल पांढराफटक पडला. मग तो बोलू लागला... आणि थांबेचना. डॉक्टरांचा चेहरा उतरला, कॅमेरा बंद झाला. शेवटी तो तिच्याकडे वळला.

"सगळं सांगितलं. एक वाक्य माझं जोडलं. उंचवटा ठेवा असं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात. ते मीच गाळलं."

तिने आरसा त्याच्या छातीवर फेकून मारला.

जेमिलची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. तरी सकाळी तो विमानतळावर तिची बॅग ओढत होता, आणि ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

"वर्षाने दुरुस्ती करून देतात म्हणे," ती सामानाला म्हणाली. "आई परत येईल?"

"नाही."

या शहरात तिला पहिल्यांदाच कोणीतरी 'नाही' म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले.

काउंटरवरची मुलगी पासपोर्टवरचा फोटो बघे, मग तोंड बघे, पुन्हा फोटो. वसिलाचा पारा चढला. तेवढ्यात जेमिल बोलू लागला. मागची रांग वाढली, कुणी तरी खाकरलं, तो बोलतच होता. मुलीने डोळे पुसले आणि बोर्डिंग पास दिला.

"एवढं काय सांगितलंत?"

"हँडबॉल, आई, माझे दोन शब्द. मी किती गाढव, तेही. काही गाळलं नाही."

तिला हसू फुटलं, आणि नाकातून कळ गेली.

"हसवू नकोस, दुखतंय," ती ओरडली. "मी माफ केलेलं नाही. तू माझ्या आईला पुसून टाकलंस, जेमिल. आरशात बघेन तेव्हा तेव्हा तुला शिव्या देईन. रोज. आणि तू समोर नसलास तर त्या द्यायच्या कुणाला? फोनवर नाही जमणार मला, तोंडावर द्यायच्या आहेत..."

तो मान खाली घालून एकेक शब्द ऐकत होता. तिचा श्वास संपला.

"थोडक्यात," ती म्हणाली, "ओरानला ये."