सात पिढ्यांची हमी

वर्णविज्ञान संस्थेच्या पाचव्या मजल्यावर, अतिनील किरण अडवणाऱ्या जाड तावदानाला नाक लावून केतकी बोरकुटे खाली बघत होती. खाली नागपूरचं भर दुपारचं ऊन, आणि त्या उन्हात एक सावळी बाई डोक्यावर पदरसुद्धा न घेता टरबुजं विकत होती. केतकीला तिचा असा काही हेवा वाटला की विचारू नका. ती स्वतः तशी रस्त्यावर उतरली असती, तर घटकाभरात अंगभर फोड आले असते. वरचा ओझोनचा थर विरळ झालेला आणि हिची कातडी दुधाच्या सायीसारखी! जन्मल्यापासून घर, शाळा, नोकरी सगळं झाकलेल्या छायामार्गांतून. चांगली जनुकशास्त्रज्ञ झालेली बाई, पण दिवसाउजेडी साधं अंगण तिनं कधी ओलांडलं नव्हतं.

आता यात तिचा काय दोष? दोष हौसेचा, आणि हौसेला मोल नसतं म्हणतात. तिच्या आईच्या तरुणपणी 'शुभ्रा' नावाची कंपनी निघाली. गर्भातच वर्णसंपादन करायचं, म्हणजे रंगाच्या जनुकात गडद रंगाचा जो अक्षरांचा पाठ असतो तो काढून तिथं फिकट पाठ बसवायचा. पोरगी जन्मतःच गोरीपान. पण आपल्याकडे लग्नाच्या बाबतीत लोक कुठवरचा विचार करतील याचा नेम नाही. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "गोरी होईल हो, पण रंग विकतचा. उद्या बघायला आलेल्यांनी पोहे खाता खाता विचारलं, नातवंडं काळी निघाली तर? मग काय सांगायचं?" झालं! कंपनीनं सात पिढ्यांची हमी द्यायला सुरुवात केली, आणि त्यासाठी रंगासोबत आत एक, पुढच्या पिढ्यांत तो बदलू न देणारं, वर्णकुलूप बसवलं. केतकीच्या आईला रंगापायी कितीकांनी नाकारलेलं, तिनं हमीसकट घेतलं. केतकीनं ते आईला कधीच माफ केलं नाही.

आई आत्ता त्याच खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. शेजारी केतकीचा नवरा एरिक. हा स्वीडनचा, पण रंगानं असा की कुणीही त्याला चंद्रपूरचा समजावं. त्याच्याही आईबापांनी रंग विकतच घेतला होता, असाच कुलपासकट, फक्त उलटा. तिकडे ज्याला ऊन परवडतं तो देखणा, इकडे जिला सावली परवडते ती देखणी. आता तिकडच्या कोवळ्या उन्हात गडद कातडीला 'ड' जीवनसत्त्व कुठून बनवता येणार? लहानपणी एरिकची हाडं सारखी मोडायची. हिवाळेच्या हिवाळे त्यानं दिव्यांखाली पडून काढले आणि मोठा झाल्यावर ऊन शोधत नागपूर गाठलं. तो बाहेरून यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला तापलेल्या उन्हाचा वास असायचा. केतकी आधी त्या वासाच्या प्रेमात पडली, मग त्याच्या.

आणि आता तिच्या पोटात बाळ होतं. ते सावळं व्हावं आणि उन्हात हुंदडावं, एवढं एकच तिचं मागणं होतं.

दार उघडून डॉ. पाठराबे आत आले. ते तिचे वरिष्ठ. गर्भतपासणी त्यांनीच केली होती. चेहरा उतरलेला.

"केतकी, बाळाच्या रंगाचं तुझं गणित आधी मला सांग."

"सोपं आहे, सर. वर्णकुलूप म्हणजे एक कात्री. तिला एकच पाठ ओळखता येतो. जोडीदाराकडून तो पाठ आला की ती तो कापते, आणि पेशी त्या जागी आपल्याच पाठाची नक्कल करते, कात्रीसकट. एरिकची कात्री फिकट पाठ शोधते, तो माझ्याकडे आहे. म्हणजे माझा कापला जाईल आणि मूल सावळं होईल."

"आणि तुझी कात्री? ती गडद पाठ शोधते ना?"

"इथला गडद पाठ. एरिकचा तर तिकडच्या कंपनीनं प्रयोगशाळेत नवा रचलाय."

"असं जाहिरातीत लिहिलंय, बाई." पाठराब्यांनी पडद्यावर अक्षरांच्या दोन ओळी आणल्या. "ही वरची एरिकची. खालची आपल्या संग्रहातली, 'शुभ्रा'त आलेल्या इथल्या बायांच्या गर्भांतून काढून टाकलेली. दोन्हींत एक तरी अक्षर वेगळं दाखव."

केतकीनं पुन्हा पुन्हा पाहिलं. एक अक्षर वेगळं नव्हतं.

"आपण जो रंग टाकून दिला, तोच 'शुभ्रा'नं तिकडच्या कंपनीला विकला," पाठराबे म्हणाले. "तुझ्या कात्रीनं तो बरोब्बर ओळखला."

एरिक हा केतकीच्याच मातीतला रंग लेवून आला होता, आणि नेमका तोच मारायला तिच्या आईनं तिच्या अंगात कात्री ठेवली होती!

"म्हणजे दोन्ही कात्र्या..."

"एकाच वेळी चालल्या. नक्कल करायला धड असं काही उरलंच नाही. पेशीनं फाटकी टोकं कशीबशी जोडून टाकली. बाळात रंगाचा पाठच नाही, केतकी. ना तुझा, ना त्याचा. ऊन सोड, त्याला दिव्याचा उजेडही सोसवणार नाही. नजरही अधू असेल."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते यालाच. केतकीचे छायामार्ग निदान उजेडाचे होते. बाळाला तेही मिळणार नव्हते.

"एक गोष्ट मात्र सांगायला हवी," पाठराबे हळूच म्हणाले. "रंगाबरोबर दोन्ही कुलपंही गेली. या बाळाच्या पोटी जे जन्मेल, त्यावर याच्याकडून कसलीही सक्ती जाणार नाही. जोडीदाराचा जो रंग असेल तो सुखानं उतरेल."

"आणि आत्ता रंग भरता येणार नाही?"

"येईल. या आठवड्यात केलं तर गडद पाठ बसवता येईल. पण ती जागा इतकी फाटलीये की नुसता पाठ तिथं धरत नाही. कुलपासकटच बसतो."

"सात पिढ्या?"

"ती विकणाऱ्यांची भाषा. खरं म्हणजे कायमचा."

एरिक उठला. तुटक पण स्वच्छ मराठीत म्हणाला, "नको. मला कुणी विचारलं नव्हतं, तुलाही नाही. हे इथंच थांबवू या. पुढच्यांना मोकळं राहू दे."

"पुढचे कुठायत, एरिक?" केतकी कडाडली. "दाखव मला! हे आहे, हे इथं!" तिनं पोटावर हात ठेवला. "पुढच्यांच्या मोकळेपणासाठी ह्यानं जन्मभर अंधारात बसायचं? तुझ्या वाट्याला निदान दिवे होते."

एरिक तिच्याकडे पाठ करून तावदानापाशी जाऊन उभा राहिला.

"पुढं कुणाला हा रंग नको झाला तर?" पाठराब्यांनी विचारलं. "कुणाला थंड देशात जाऊन राहावं लागलं तर? तू शास्त्रज्ञ आहेस म्हणून विचारतो."

केतकीला सगळं कळत होतं. एरिकची मोडलेली हाडं तिला कळत होती. हे आपण काय करतोय, तेही कळत होतं. तिनं डोळे पुसले.

"घाला, सर. गडद."

कोपऱ्यातली आई उठली, तिच्याजवळ आली आणि भीत भीत तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुह्या वेळी मले बी फक्त तूच दिसत होती वं."

केतकी आईच्या कुशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली, पण दिलेला होकार काही तिला मागे घेता आला नाही.