रामकिसनच्या हातातल्या पाटल्या

भोकरदनहून जाफराबादला निघालेल्या जीपमध्ये निवेदिताच्या शेजारी जो येऊन बसला, तो मांडीवरची लॅपटॉपची बॅग कवटाळून, डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. "आधी डॅश... मंग पी... मंग नंबर..." ती जमेल तेवढी खिडकीकडे सरकली, पण दहाच्या जीपमध्ये चौदा जण बसल्यावर माणूस सरकून सरकणार किती? जप म्हणावा तर देवाचं नाव नाही, आणि वेडा म्हणावा तर शर्टाला कडक इस्त्री. तेवढ्यात जीप खड्ड्यात गेली, त्याचं डोकं टपावर आपटलं, आणि तिच्याकडे बघून तो असा काही ओशाळला की तिला हसू आलं.

"माफ करा... पाठ करून राह्यलो होतो."

"परीक्षा आहे का?"

"तसंच समजा."

हसू ओठांवर आलं तसंच गेलं. परीक्षा तर तिचीही होती.

जाफराबादला केशव डॉक्टरांच्या हाडांच्या दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. सोमवारी तिथे भलतंच घडलं होतं. डॉक्टरांसमोर तिने रामकिसन नावाच्या म्हाताऱ्याची नोंद उघडली, 'फिल्म' हे त्याच दिवशी नवं बसवलेलं बटण दाबलं, आणि पडद्यावर जे मोडकं मनगट आलं त्यात चक्क पाटल्या होत्या. मनगट आधीच्या पेशंट दुर्गाबाईंचं होतं. सुजलेल्या हातातून पाटल्या निघेनात, म्हणून फिल्म तशीच काढलेली. डॉक्टर आधी हसले, पण ते हसू टिकलं नाही. त्या पाटल्या नसत्या तर रामकिसनच्या धडधाकट हाताला प्लास्टर बसलं असतं.

"चूक मशीनची असेल तर मशीन बदलू," डॉक्टर म्हणाले होते, "आणि माणसाची असेल तर माणूस." एक्स-रेच्या खोलीत माणूस एकच होतं.

नोकरी गेली तर पुढे काय, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी साखरपुडा झाल्यावर ऋषीने फोनवरून नकार कळवला, तेव्हापासून हसनाबादच्या घरात ही नोकरीच तिची ढाल होती. आई स्थळांचे फोटो पुढे करायची. मुलगा कुणीही असो, तिला त्याच्या जागी ऋषीच दिसायचा... मग ड्युटीला उशीर होतोय म्हणत ती घराबाहेर पडायची.

जीपमधला तो जपवाला दवाखान्याच्याच पायऱ्या चढला. नाव स्वानंद. ज्या जालन्याच्या कंपनीने नोंदणीचा प्रोग्राम दिला होता, तिचा माणूस, चूक कुठे ते शोधायला आलेला. त्याने तिला समजावलं, की फिल्म दाखवणारा प्रोग्राम वेगळा आहे, दुसऱ्याच कुणी बनवलेला. बटण दाबलं की आपला प्रोग्राम त्याला हाक मारतो आणि हाकेबरोबरच पेशंटचा नंबर सांगतो. त्या सांगण्याला फ्लॅग म्हणतात. जीपमध्ये तो तेच घोकत होता.

त्याने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत स्वतः हुकूम टाइप केला. रामकिसनचा हात आला. मग दुर्गाबाईंचा, पाटल्यांसकट. मग बटण दाबून पाहिलं, तरी बरोबर. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा बरोबर आलं. मशीन निर्दोष सुटत चाललं होतं, मग उरलं कोण?

"चहा पिऊन राह्यल्या, का नुसता कप धरून बसल्या?" त्याने विचारलं. तिने कप तसाच खाली ठेवला. ते पाहून त्याने आवाज खाली आणला. "हे बघा... चूक आमच्याकडची, असं मी लिहून देतो. कोण विचारतंय?"

इतकं मऊ बोलणं तिच्याशी बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. हो म्हणावंसं वाटलं, फार वाटलं. पण त्याच क्षणी तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. फिल्म पाहून झाली की तो दर वेळी कोपऱ्यातली फुली दाबून खिडकी बंद करत होता. तिने ती फुली कधी दाबलीच नव्हती. कॉम्प्युटर म्हातारा, फिल्मचा प्रोग्राम उघडायला मिनिटभर घेणार, बाहेर पेशंट कण्हणार... म्हणून ती खिडकी नुसती खाली सारून ठेवायची.

"लिहू नका," ती म्हणाली. "मी ती खिडकी बंदच करत न्हाई. खाली सारून ठेवते."

"उघडीच?"

"उघडीच..."

आता हा रागावणार, असं वाटून तिने मान खाली घातली. वर पाहिलं तर त्याचा चेहरा उजळला होता. दुर्गाबाईंची फिल्म खाली तशीच उघडी होती तर. फिल्मचा प्रोग्राम आधीच चालू असला की तो नवा नंबर ऐकतच नव्हता. हाक आली की जुनीच फिल्म घेऊन उभा राहायचा. स्वानंदने त्या प्रोग्रामची माहितीपुस्तिका चाळली. आधीचं टाकून नवं घे, असं सांगणारा आणखी एक फ्लॅग त्यात होता. तो त्याने हुकुमात जोडला आणि खुर्ची तिला दिली.

"आता तुमच्या सवयीनं करा."

तिने दुर्गाबाईंची फिल्म उघडली, खाली सारली, रामकिसनची नोंद काढून बटण दाबलं. पडदा करडा झाला आणि करडाच राहिला. टेबलाच्या कडेवर तिचा हात होता, एका बोटाच्या अंतरावर त्याचा. दोघांनीही तो हलवला नाही. मग मनगट आलं — रुंद, धड, आणि बिनपाटल्यांचं.

स्वानंद नको म्हणत असतानाही ती डॉक्टरांकडे गेली आणि खिडकीची गोष्ट सांगून टाकली. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "सवय तुझी, पण ऐकलं नाही ते मशीननं," ते म्हणाले. "आणि आपण होऊन चूक सांगणारं माणूस मी दुसरं कुठून आणू? जा, पेशंट थांबलेत."

संध्याकाळच्या जीपमध्ये तो पुन्हा शेजारी होता. काम संपलं, आता हा कशाला येईल जाफराबादला? सकाळपेक्षा या विचारानेच तिची जास्त घालमेल होत होती. तो पुन्हा पुटपुटत होता.

"आता काय पाठ करून राह्यले?"

"तुम्हाला विचारायचं ते." त्याने बॅग आणखी घट्ट धरली. "रविवारी हसनाबादला आलो तर... चहा मिळंल का? काम काहीच न्हाई. सगळं बराबर झालंय."

आता ऋषी दिसणार, म्हणून ती धास्तावून बघत राहिली. लाल झालेले कान दिसले, सकाळी टपाला आपटून कपाळावर आलेलं टेंगूळ दिसलं. तो स्वानंदच होता, दुसरं कुणी नव्हतं.

"मिळंल," ती म्हणाली. "पण आमची आई आलेल्या माणसाला आधी जन्मवेळ विचारते."

"मंग ती बी पाठ करून येतो."

तिला हसू आलं, आणि या वेळी ते भोकरदन येईपर्यंत गेलं नाही.