बाभळीची चौकट

हे घडलेलं आहे. माझी मामेबहीण अंबिका थाप मारायला लागली की तिला आधी स्वतःलाच हसू येतं. हे सांगताना ती एकदाही हसली नाही.

गाव चाकूरजवळचं, माझ्या सुदाममामाचं. यंदाच्या मे महिन्यातला शनिवार. दुपारचे अडीच. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधी जेवून घ्या. नंतर जेवण जाणार नाही.

अंबिकाला स्वतःची खोली हवी होती. नीटची तयारी करायची आणि बैठकीत दिवसभर टीव्ही. वर्षभर भांडून तिनं मामाकडून एक खोली बांधून घेतली. वर पत्रे, पण तिची एकटीची. मामाची एकच अट होती. चौकट आणि दार घरच्या बाभळीचं.

बाभूळ लोखंडासारखी असते. पण ओली वापरली की भुंगा लागतो, आतून नुसतं पीठ करून टाकतो. म्हणून ओंडका सहा महिने पाण्याखाली मुरवायचा. वर दगड ठेवून. त्यातला रस निघून जातो. मग सावलीत वाळवायचा. मामानं सगळं तसंच केलं आणि मुरुडच्या जिलानीचाचांनी चौकट घडवली. बुंध्याचा एक तुकडा उरला, त्याची त्यांनी पीठ मळायची काठवट कोरली. मार्चमध्ये चौकटीची पूजा झाली, तेव्हा मामानं ती काठवट बहिणीचा मान म्हणून माझ्या आईला दिली.

एप्रिलपासून आवाज यायला लागला.

चुळुक... चुळुक...

कुणीतरी तोंडात पाणी घोळवतंय, पण थुंकत नाहीये, असा.

उंदीर असेल, अंबिकाची आई म्हणाली. अंबिकानं पिंजरा लावला. पिंजरा रिकामा. पण त्यातला भाकरीचा तुकडा ओला लगदा झालेला.

मे महिन्यात लाकूड आकसतं. गावातली सगळी दारं खुळखुळत होती, कड्या आपोआप निसटत होत्या.

अंबिकाचं दार मात्र फुगलं.

त्या शनिवारी ती आत अभ्यास करत होती. पाणी प्यायला उठली, तर दार हलेना. तिनं खांदा लावला. दार चौकटीत असं रुतलेलं, की मध्ये नखसुद्धा जाईना.

तिनं आईला हाक मारली. आणि मग तिच्या लक्षात आलं...

पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता. टीव्हीचा येत नव्हता. तिच्या हाकेचाही नाही.

फक्त... चुळुक.

चौकटीत डोळ्यांच्या उंचीवर एक गाठ होती, फांदी फुटल्याच्या जागची. ती ओली झाली होती. त्यातून पाणी झिरपत होतं. घट्ट, शेंबडासारखं. महिनाभर न घासलेल्या माठाच्या बुडाचा वास. नाही, त्याहून वाईट... गोडसर.

गाठीतून एक धागा लोंबत होता. अंबिकानं तो चिमटीत धरून ओढला.

तो केस होता.

टोकाला मेंदीचा केशरी रंग. ती ओढत गेली, तो येत गेला. हातभर. दोन हात. मुळाकडे पांढरा होत गेला. शेवटी खट्कन काहीतरी सुटलं आणि केसाच्या मुळाशी चिकटून आलं. मऊ. शिजलेल्या भाताच्या शितासारखं.

ते तिच्या बोटावर फुटलं.

बाहेरून हाका मारूनही ओ येईना म्हणून मामानं पहारीनं दार तोडलं तेव्हा ती ओकाऱ्या काढून अर्धमेली झाली होती.

दुसऱ्या दिवशी जिलानीचाचा आले. त्यांनी गाठीवर हात ठेवला आणि लगेच धोतराला पुसला. मग विचारलं, "सुदामभाऊ, लाकूड कोणत्या पाण्यात ठेवलं होतं?"

"आपल्याच हिरीत की."

"आपली हीर तर दिवाळीलाच आटली होती, अप्पा," अंबिका म्हणाली.

मामा खाली बघत बोलला. ओंडका त्यानं गायरानातल्या विहिरीत हलवला होता. त्या विहिरीचं पाणी कुणी ढोरांनाही पाजत नाही. तीन वर्षांपूर्वी सरजाबाई नावाची म्हातारी तिच्यात पडली. चपला काठावर सापडल्या. गावानं इंजिन लावून पाणी उपसलं, गाळ काढला.

सरजाबाई काही निघाली नाही.

"ती केसाला मेंदी लावायची का?" अंबिकानं विचारलं.

मामानं कोपऱ्यातली पहार उचलली.

"लाकूड जे पितंय ना," चाचा म्हणाले, "तेच ओकतंय."

चौकट उपटून रॉकेल ओतून पेटवली. धूर झालाच नाही. गल्लीभर काहीतरी शिजत असल्याचा वास मात्र सुटला. खोलीत आता कडबा भरलाय. अंबिका पुन्हा टीव्हीसमोर बसून अभ्यास करते.

गेल्या रविवारी ती नांदेडला आमच्याकडे आली, तेव्हा जेवायला बसल्या बसल्या तिनं मला हे सगळं सांगितलं. मी मोठ्या ऐटीत म्हणाले, अगं, लाकूड दमट हवेत फुगतं, एवढंच. सायन्समध्ये मला पैकीच्या पैकी आहेत.

तेवढ्यात आतून भाकरी थापता थापता आई बोलली.

"वहिनीला सांग गं अंबिके, काठवट लई गुणाची निघाली. पिठाला पाणीच घालावं लागत न्हाई."

अंबिकाचा हात ताटातच थांबला.

मी हातातल्या भाकरीचा पापुद्रा सोडवला...

टोकाला केशरी. वर पांढरा.

आईचे केस काळेभोर आहेत.

काठवट मी त्याच दिवशी गोदावरीत सोडली. वाळलेलं लाकूड, तरी दगडासारखी बुडाली. पण मार्चपासून आमच्या घरी दोन्ही वेळा भाकरीच होती. आणि काल रात्री दात घासून मी चूळ भरली... पाणी थुंकलं, तोंड मिटलं.

आवाज थांबला नाही.