विरजण

नाशिकच्या त्वचाजीव प्रयोगशाळेत गंधलेखक नावाचे एक यंत्र होते. आकार पोळपाटाएवढा आणि किंमत न विचारलेली बरी. त्यावर मनगट टेकवले की यंत्र त्या माणसाच्या अंगच्या वासाचा आलेख काढी. त्याला तिथे गंधठसा म्हणत. डॉ. शर्वरी वाघचौरे हिने आजवर हजारो परक्या मनगटांचे ठसे तपासले होते. त्या सकाळी तिने स्वतःचे मनगट टेकवले आणि पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ आली.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे," शेजारच्या टेबलावरून डॉ. इम्तियाज मुजावर म्हणाला. दहा वर्षांचा सहकारी असल्यामुळे तो तिच्याशी कधीच गोड बोलत नसे. "तुलाच वास नाही. पण आज स्वतःवर प्रयोग कशासाठी?"

शर्वरीने सांगून टाकले. रविवारी ती संगमनेरला वडिलांना भेटायला गेली होती. आबांना स्मृतिलोप झाल्याला पाच वर्षे होत आली होती आणि चेहरे तर केव्हाच पुसले गेले होते. तरी काही माणसे त्यांना कळत. ही मात्र समोर बसली तेव्हा त्यांनी तिला नीट न्याहाळले आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "शरू, या बाईंना चहा दे." आतून तिची वहिनी, रेवती, "हो आबा" म्हणाली आणि चहा घेऊन आली.

"तिला माझ्या नावाने शरू म्हणतात, आणि मी बाई," शर्वरी म्हणाली. "मला राग आला इम्तियाज. वहिनीचाच आला. मी तो चहा न पिताच उठले."

इम्तियाजने थट्टा केली नाही. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"या प्रकारच्या आजारात चेहऱ्यांची वाट आधी बंद होते, वासाची सगळ्यात शेवटी. म्हणजे तुझे आबा नाकाने ओळखतात. आता घामाला स्वतःचा वास नसतो. कातडीवरचे त्वचाजीव तो खातात आणि वास तयार करतात. प्रत्येकाच्या अंगावरची त्यांची वस्ती वेगळी, म्हणून वास वेगळा. तू कोणता साबण वापरतेस?"

"चिरशुद्ध. आपल्याकडे सक्तीच आहे."

"त्यात त्वचालग्न रोधक आहे. अंग धुऊन झालं तरी तो कातडीला चिकटून राहतो आणि आठवडाभर त्वचाजीव मारत बसतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्याला तोड नाही. पण तू तो दहा वर्षं रोज लावतेस. तुझ्या अंगावरचं गाव ओस पडलंय. आबांच्या समोर कोणी बसलेलंच नव्हतं, असं समज."

शर्वरीने चिरशुद्धची सक्ती नसलेल्या बाहेरच्या विभागात बदली मागून घेतली आणि दोघे साबण शोधायला निघाले. बाजारात नैसर्गिक साबणांचे कपाटच्या कपाट भरलेले होते. वेष्टनांवर तुळस, कडुनिंब, हळद, एकावर तर गाय. शर्वरीने हात पुढे केला तसा इम्तियाजने साबण उलटा केला. मागे बारीक अक्षरांत तोच रोधक होता, शिवाय 'सुगंध' या एका शब्दाआड लपलेले कोण जाणे काय काय.

"नैसर्गिक हा शब्द छापायला शाई लागते, निसर्ग लागत नाही," तो म्हणाला. "साबण नेहमी पाठीकडून वाचावा."

शेवटी एक ओबडधोबड वडी मिळाली. खोबरेल, करंजाचे तेल आणि क्षार. महिनाभर मुरवलेली, बिनवासाची. काही आठवड्यांनी शर्वरीच्या आलेखात चढउतार दिसू लागले. तिने मोठ्या आशेने आपला विद्यार्थिदशेतला ठसा संग्रहातून काढून शेजारी ठेवला. तेव्हा तिने चिरशुद्धला हातही लावला नव्हता. दोन्ही ठशांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता.

"हा तू नाहीस," इम्तियाज म्हणाला. "हा नाशिकचा बसथांबा आहे, आपलं उपाहारगृह आहे आणि थोडा तुझा नवा विभाग आहे."

"पण साबण तर चांगला आहे."

"चांगला साबण काही देत नाही गं. तो फक्त मारत नाही. नुसतं दूध तापवून ठेवलं तर दही लागतं का? विरजण लागतं. तुझं विरजण जन्मताना आईकडून आलं, पुढे तिच्या कुशीत वाढलं. ते तू धुऊन टाकलंस. आता ते पुन्हा आणायचं तर घरातूनच आणायला हवं."

"आई जाऊन सात वर्षं झाली."

"तिच्याबरोबर शेवटपर्यंत कोण होतं?"

"वहिनी," शर्वरी म्हणाली. आईचे आजारपण रेवतीने काढले होते. अंग पुसणे, वेणी घालणे, रात्री शेजारी झोपणे, सगळे तिनेच केले. आणि मग शर्वरीला तो साबण आठवला. मागच्या दिवाळीला तिने स्वतःच्या हाताने वहिनीला चिरशुद्धची मोठी पेटी भेट दिली होती, वर्षभर पुरेल एवढी. तिने तिथूनच फोन लावला.

"वहिनी, मी दिलेले साबण संपले का गं?"

"रागावू नका ताई. कपाटात आहेत, साड्यांच्या घड्यांत ठेवलेत. एवढे भारी साबण रोज कोण वापरतं? साड्यांना वास छान येतो. मी आपली बचतगटाची वडी लावते, हात फुटत नाहीत तिनं."

एरवी शर्वरीला हे लागले असते. आज तिला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही.

रेवतीच्या मनगटावरून पुसलेली पट्टी टपालाने आली. तिचा ठसा विद्यार्थिदशेतल्या शर्वरीच्या ठशाशेजारी ठेवला तेव्हा दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसल्या.

"आबा चुकत नाहीयेत," इम्तियाज म्हणाला. "त्यांच्या नाकाच्या हिशेबाने ती शरूच आहे."

"पण इथे फरक आहे."

"असणारच. विरजण एक असलं तरी दूध, म्हणजे कातडी आणि घाम, वेगळं. तेवढा भाग रेवतीचा स्वतःचा. पण खरी शरू समोर नाही म्हटल्यावर सर्वांत जवळची तीच."

शर्वरी रजा घेऊन संगमनेरला गेली. तिने वहिनीला सगळे समजावून सांगितले. रेवतीने भाकरी थापता थापता ऐकले.

"म्हणजे माझ्याकडून घ्यायचं," ती म्हणाली.

"तुझी इच्छा नसेल तर राहू दे."

"विरजण मागायला आलेल्याला नाही म्हणतं का कोणी?"

मग त्या घरात एक विचित्र प्रयोग सुरू झाला. शर्वरी वहिनीचे वापरलेले सुती कपडे घाले, तिच्याच गोधडीत झोपे. सकाळी अंघोळीआधी रेवती तिच्या पाठीला, हातांना तेल चोळून देई आणि मग तीच बचतगटाची वडी. प्रयोगशाळेत याला 'वसाहत-रोपण' असे भारदस्त नाव होते. रेवतीला ते दोनदा सांगूनही लक्षात राहिले नाही.

एकदा तेल चोळताना तिचा हात थांबला. "ताई, आबांनी तुम्हाला ओळखलं की मग मी कोण?"

रेवतीने तेलाची वाटी खाली ठेवली.

"पहिल्यांदा शरू म्हणाले तेव्हा मला वाईट वाटलं होतं. मी सांगायची, आबा, मी रेवती. मग ते घाबरायचे, ताट लोटून द्यायचे. म्हणून ओ द्यायला लागले. ओ दिली की जेवतात. तुमचे दादा मला 'अगं' म्हणतात, सोसायटीत मी तनिष्काची आई. घरात हाक मारल्यासारखी हाक आबांचीच आहे. ती तुमच्या नावाने का असेना."

शर्वरीला स्वतःची लाज वाटली. इथूनच परत जावे असेही मनात आले. पण आबांच्या तोंडून आपले नाव ऐकायची ओढ त्या लाजेपेक्षा मोठी होती आणि ती राहिली. वहिनीचा हात पुन्हा पाठीवर फिरू लागला, पहिल्याइतकाच मायेने.

आणखी काही आठवडे गेले. तिने पाठवलेली पट्टी तपासून इम्तियाजचा फोन आला. तो एवढेच म्हणाला, "लागलं."

त्या दुपारी आबा गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. शर्वरी दूधभाकरीची वाटी घेऊन त्यांच्याजवळ गेली. त्यांनी वाटी घ्यायला हात पुढे केला, पण वाटीऐवजी तिचे मनगट धरले आणि तसेच धरून ठेवले. त्यांचा श्वास लांब झाला.

"शरू," ते म्हणाले. "कधी आलीस?"

पाच वर्षांत त्यांनी रेवतीला हे कधी विचारले नव्हते. ती कुठे गेलेलीच नव्हती. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोके टेकले.

गॅलरीच्या दारात रेवती आली होती. पदराला हात पुसत तिने हे पाहिले, किंचित हसली आणि परत आत जायला वळली. वाऱ्याची झुळूक आली. आबांनी मान वर केली. त्यांच्या नाकपुड्या हलल्या, कपाळावर आठ्या पडल्या. एकाच विरजणाच्या दोघी त्यांच्यासमोर होत्या. आता ते गोंधळतील, वाटी भिरकावतील, असे तिला वाटले. पण खरी शरू हाताशी असताना दुसरीला शरू समजायचे त्यांना काहीच कारण उरले नव्हते. उरला होता तो फक्त फरक. दूध वेगळे असल्याचा.

"रेवती," आबा म्हणाले, "शरू आलीय. तिला चहा दे."

रेवती पाठमोरीच थांबली. मग स्वयंपाकघरात गेली. भांडे ठेवल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आवाज आला, आणि मग नळ तसाच वाहत राहिला.

"आबा," तिने आतून विचारले, "काय म्हणालात?"

"रेवती, चहा म्हटलं," आबा जरा चिडून म्हणाले. "ऐकू येत नाही का तुला?"

तिला पहिल्याच वेळी नीट ऐकू आले होते.