पांढऱ्या मातीच्या गोट्या

लटारू गुरनुलेचं प्रेत बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, काठाशी उथळ पाण्यात पहिल्यांदा गुणाबाईला दिसलं. बुधवारी सकाळी ती घागर घेऊन गेली होती. घागर तिथेच टाकून ती ओरडत गावात आली, आणि दुपारी सिंदेवाहीच्या ठाण्यातून जमादार वारलू शेंडे सायकल रेटत पिपरटोल्यात पोचले.

१९५७ सालचा कार्तिक महिना. धानाची कापणी ऐन भरात होती, तरी सगळं गाव बांधी, धानाची खाचरं, सोडून बोडीच्या पाळीवर उभं होतं.

"गोट्यांनीच खाल्लं त्याले," गर्दीतून कोणी म्हणालं. "आमी म्हनतच होतो."

प्रेताच्या कमरेला दुपट्टा करकचून बांधलेला होता आणि दुपट्ट्यात गोट्या होत्या. पोलीस पाटील सोमाजी पुढे झाला. उंच, धिप्पाड, डोक्याला पांढरा फेटा. "गोट्या धुवाले आला असन, जमादार. पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं अन् वज्यानं खाली गेला. सारं उघडंच हाये."

जमादारांनी दुपट्टा सोडला. काचेच्या गोट्या होत्या, गारेच्या होत्या, दोन-तीन लाखेच्याही होत्या. त्या सगळ्या चिखलात बरबटल्या होत्या. जमादारांनी चिखल बोटावर घेतला, मग खाली वाकून बोडीतला गाळ घेतला. गाळ काळाकुट्ट होता. दुपट्ट्यातला चिखल पांढरा होता.

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. प्रेत बैलबंडीत घालून त्यांनी सिंदेवाहीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

लटारूचं घर बोडीच्या अगदी मागे होतं. एक खोली, पडवी, अंगणात दगडी उखळ. आत शिरताना जमादार क्षणभर दारातच थांबले. भिंतीला लागून मडक्यांची उतरंड होती, पण दाण्याचं मडकं एकच. बाकी सगळ्यांत गोट्या. एकात काचेच्या, एकात गारेच्या, एकात लाखेच्या. सगळ्यात वरच्या लहान मडक्यात उन्हात वाळवलेल्या मातीच्या कच्च्या गोट्या होत्या, पांढऱ्या, बोराएवढ्या. अठ्ठावन्न वर्षांचा हा माणूस. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, दुसरी केली नाही. सहा वर्षांचा असल्यापासून जे वेड लागलं ते कधी उतरलंच नाही. गावची पोरं मोठी झाली, बाप झाली, आजे झाली. लटारू मात्र रोज देवळामागे गल खणून नेम धरीत राहिला.

गारेचं आणि काचेचं मडकं निम्म्याच्या वर रिकामं होतं.

"बाई, मंगळवारी लटारूभाऊले कवा पाह्यलं तुमी?" जमादारांनी गुणाबाईला विचारलं.

"बांधीत जाताना. सकाळीच. पडवीत बसून गोट्या वळून राह्यला होता."

"कशाच्या?"

"मातीच्या. पांढरी माती आनते ना तो, जंगलाकडून. सुपात मांडून उन्हात ठेवल्या होत्या. मले म्हने, गुणाबाई, तुया कोंबड्या आवर, सुपात पाय देतीन."

"किती होत्या?"

"सूप भरलं होतं."

सूप पडवीतच पडलं होतं. रिकामं. जमादारांनी लोटाभर पाणी घेतलं, मडक्यातली एक कच्ची गोटी त्यात टाकली आणि उंबऱ्यावर बिडी ओढत बसले. तिसरी बिडी संपेपर्यंत गोटीचा लगदा झाला होता.

संध्याकाळी डॉक्टरांची चिठ्ठी आली. छातीत पाणी नाही. माणूस पाण्यात पडण्याआधीच मेला होता.

चावडीवर सोमाजी पाटलाने ती बातमी ऐकली आणि मान हलवली. "मंग मी सांगतो तुमाले. कोलूले धरा. जंगलटोल्याचा गोंड. लटारूजवळ अकीकाची एक गोटी होती, जुनी. कोलूची तिच्यावर नजर होती. दोघं रोज खेळत, रोज भांडत."

"मंगळवारी कोलू गावात होता?"

"बाजारातून परतताना इथूनच जाते ना तो."

"तुमी गेल्ते का लटारूकडे एवढ्यात?"

"मी? पोळ्यापासून त्याच्या दारात पाय नाई ठेवला. ते भानामतीचं घर."

कोलूला आणलं तेव्हा त्याच्या ओठातून रक्त येत होतं. वाटेत गावच्या दोघांनी हात साफ करून घेतले होते. साठीचा, सुकलेल्या लाकडासारखा माणूस. तो जमिनीवर उकिडवा बसला.

"लटारूशी भांडन होतं?"

"रोजच होतं." कोलूचा आवाज चिरका झाला. "त्याचा अंगठा लाईन सोडून पुढं येते. चाळीस वरसं सांगून राह्यलो."

"अकीकाची गोटी कुठी हाये?"

कोलूने कनवटीला हात घातला आणि तांबूस, गुळगुळीत गोटी पुढे धरली. चावडीत एकदम गलका झाला.

"पाहा!" पाटील ओरडला.

"आता त्याची पाळी नाई, माही हाये," कोलू म्हणाला. "एक महिना त्याच्याजवळ, एक महिना माह्याजवळ. मुखरूले पुसा."

मुखरू म्हणजे लटारूचा धाकटा भाऊ. तो भिंतीला टेकून उभा होता, एका दिवसात वाळून गेल्यासारखा. त्याने फक्त मान हलवली. खरं आहे.

"मुखरू, तुमचंही त्याच्याशी बोलनं नव्हतं म्हने?"

"दोन महिने." मुखरूने नजर वर केली नाही. "पोरीले पाहाले पाव्हने आले, अन् दादा रस्त्यात पोरांसंगं गोट्या खेळत होता. पाव्हने हासले. सोयरीक मोडली. मी त्याले म्हनलं, माह्या दारात येऊ नको."

जमादारांनी कोलूला वळून विचारलं, "लटारू तुमाले शेवटी काय बोलला?"

"मोजनीवाला गुरवारी येनार हाये, म्हने. मी येतो, दगड कुठं होता ते मी दाखवतो. मले ठाव हाये."

"कसला दगड?"

"माह्या बांधीचा धुऱ्याचा दगड. पाटलाच्या अन् माह्या मधातला. तीन वरसाखाली तो इकडं सरकला." कोलूने हाताने अंतर दाखवलं. वीस पावलं तरी असतील. "गोंडाचं कोन ऐकते?"

पाटील हसला. "दगडाले पाय फुटले म्हने."

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादारांनी एक काम काढलं. लटारूच्या मडक्यांतल्या गोट्या चांद्याच्या कोर्टात पुरावा म्हणून धाडायच्या आहेत, धुळीने माखल्यात, धुऊन द्या, असं सांगून त्यांनी तिघांना एकेक करून पडवीत बोलावलं. पुढ्यात पाण्याचं घमेलं, बाजूला टोपली. टोपलीत काच, गार, लाख आणि कच्ची माती, सगळं एकत्र.

कोलूने टोपली पाहिली आणि तो रागावलाच. "कोनं असं मिसळवलं?" त्याने पांढऱ्या गोट्या वेचून बाजूला काढल्या, मगच उरलेल्या पाण्यात सोडल्या.

मुखरू बराच वेळ टोपलीकडे पाहत राहिला. मग त्यानेही पांढऱ्या गोट्या एकेक करून धोतराच्या सोग्यात घेतल्या. "ह्या धुता येत नाई, जमादार," तो म्हणाला. "लहानपनी मी एकदा धुतल्या होत्या. दादा दिवसभर रडला होता. मी पाच वरसाचा, तो वीस वरसाचा, अन् रडत होता तो."

"वीस वर्षांचा? तवा करत काय होता तो?"

"बंदोबस्ताच्या, सरकारी जमीनमोजनीत साखळी धरत होता. इंग्रज साहेब सोडा पीत, अन् रिकाम्या बाटल्या फोडून दादा त्यातल्या गोट्या काढे. म्हनायचा, साऱ्या मुलखात माह्या गोट्या पेरल्या हायेत, एकेका धुऱ्याच्या दगडाखाली एक. आमी हासत होतो."

जमादारांचा हात बिडीच्या बंडलावरच थांबला.

शेवटी सोमाजी पाटील आला. त्याने टोपलीकडे धड पाहिलंही नाही. ती उचलून घमेल्यात पालथी केली, दोन हातांनी खळबळली आणि हात झटकले. "धुनं काय, पोराचा खेळ हाये," तो म्हणाला. पाणी हळूहळू पांढरं होत गेलं.

दुपारी मोजणीदार आला. त्याच्याजवळचा नकाशा वाळवीने खाल्ला होता, नेमका त्याच कोपऱ्यात. पाटलाने आणि कोलूने दोन वेगळ्या जागा दाखवल्या. जमादारांनी दोन गडी लावले. आधी त्यांनी आज जिथे दगड उभा होता तिथे खणलं. कंबरभर खोल गेले, मुरूम लागला, काही नाही. मग टेंभुर्णीच्या खोडाजवळ, कोलूने दाखवलं तिथे. हातभर खोलीवर कुदळ किणकिणली नाही, काही नाही, पण मातीच्या ढेकळात हिरवट डोळ्यासारखं काहीतरी चमकलं. मुखरूने ते उचललं, धोतराला पुसलं आणि तळहातावर धरलं. सोड्याच्या बाटलीतली गोटी. तो मटकन खाली बसला.

जमादारांनी सगळ्यांना तिथेच थांबवलं. पाटील जायला निघाला होता, त्यालाही.

"लटारूभाऊ धुवाले गेला नाई," ते म्हणाले. "कच्च्या मातीच्या गोट्या कोनी पान्यात नेत नाई. सकाळी वळलेल्या, ओल्या, सुपातल्या गोट्या त्याच्या दुपट्ट्यात होत्या. त्या विरघळल्या, म्हनून चिखल पांढरा होता. ह्याचा अर्थ एकच. दुपट्टा दुसऱ्यानं भरला. अन् ज्यानं भरला तो घरात आला होता, घाईत होता, मडक्यात हात घातला, सूप रिकामं केलं, जे गोल दिसलं ते बांधलं. गाव साऱ्या जन्मभर म्हनत आलं होतं, गोट्या याचा जीव घेतीन. त्यानं तेच खरं करून दाखवलं."

जमादार खड्ड्याच्या कडेला आले.

"कोलूनं भरला असता तर कच्ची गोटी त्याच्या हाताले आपोआप वेगळी लागली असती. मुखरूलेही. सकाळी मी तिघांना गोट्या धुवाले लावल्या. दोघांनी पांढऱ्या बाजूले काढल्या. एकाले त्यातलं काईच ठाव नव्हतं." त्यांनी सोमाजीकडे पाहिलं. "तेवढ्यावर मी कोनाले बेडी घालत नाई, पाटील. मी फक्त विचारलं, गोट्या न खेळलेल्या मानसाले लटारू मेलेला काऊन पायजे? तर त्याचं उत्तर ह्या खड्ड्यात निघालं. तो आज इथं उभा राहून म्हनला असता, खणा, माही गोटी निघन."

"कथा हाये," सोमाजी म्हणाला. ओठ कोरडे पडले होते. "मी घरात गेलो नाई."

"इसरू," जमादार म्हणाले.

गावचा कोतवाल इसरू गर्दीच्या मागे उभा होता. तो सोमाजीच्या पायाकडे पाहत होता. पाटलाचं नाव निघालं की तो मान खाली घालतो, हे जमादारांनी कालपासून पाहिलं होतं.

"मंगळवारी दुपारी पाटलानं मले सिंदेवाहीले धाडलं," तो अखेर म्हणाला. "वाटेत चपलेचा अंगठा तुटला, म्हनून परत आलो. पाटील लटारूच्या मागच्या दारातून निघाले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं." त्याने हात जोडले. "माही भाकर त्यायच्या घरून येते, जमादार. मी बोललो नाई."

सोमाजीने फेटा काढला. उघड्या डोक्याने तो एकदम म्हातारा दिसला.

"मी माराले गेलो नव्हतो," तो म्हणाला. "समजवाले गेलतो. एक दिवस गप राह्य, म्हनलं. तो हासला. म्हने, माही गोटी खोटं बोलत नाई. मी ढकललं. उखळावर पडला."

"लगेच मेला?"

सोमाजी जवळ सरकला. मग एकट्या जमादारांनाच ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्याने बाकीचं सांगितलं. जमादारांनी ते लिहून घेतलं. लिहिताना त्यांची पेन्सिल एकदा थांबली.

सोमाजीला बंडीत बसवलं. मोजणीदाराने टेंभुर्णीपाशी खुंटी ठोकली. कोलू ती पाहत उभा होता, पण जवळ गेला नाही.

जमादार सायकल घेऊन निघाले, तेव्हा बोडीच्या पाळीवर मुखरू वाट पाहत होता.

"जमादार, एक पुसू का?"

"पुसा."

"मंगळवारी दुपारी मी त्या बांधीत कापत होतो." त्याने बोट दाखवलं. लटारूच्या अंगणापासून ती बांधी हाकेच्या अंतरावर होती. "दादानं मले हाक मारली काय? मी आयकली नाई. आयकली असती तरी, माहीत नाई मी गेलो असतो का. तो राग होता ना. पन मारली काय?"

जमादारांच्या खिशातल्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: मुखरू, मुखरू म्हणून ओरडू लागला, म्हणून मी त्याचं तोंड दाबलं.

"नाई," जमादार म्हणाले. "उखळावर पडला अन् गेला. एका क्षनात."

मुखरूने डोळे मिटले. त्याचे खांदे सैल झाले. तो विळा उचलून बांधीत उतरला, आणि जमादार तिथेच सायकलचं हँडल धरून बराच वेळ उभे राहिले. कोर्टात तो कागद वाचला जाणार होता. तोवर तरी या माणसाला धान कापू द्यावं, असं त्यांना वाटलं.