धुऱ्यावरचं ढेकूळ

आमरसाचा डबा घेऊन सुमंत यमुकाकूंकडे निघाला तेव्हा सकाळच होती, पण लेआउटमधला रस्ता एवढ्यातच तापायला लागला होता. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. कोराडीच्या वीजकेंद्राकडून येणारा वारा तोंडावर बारीक राख आणून टाकत होता आणि घराघरांतून कूलरची घरघर चालू होती. आमरस हे निमित्त आहे, हे सुमंतला माहीत होतं, त्याच्या बायकोला, दीप्तीला माहीत होतं, आणि यमुकाकूंना कळायलाही वेळ लागणार नव्हता. काकूंचे यजमान गिरिधरकाकाजी असेपर्यंत या घरातून त्या घरात वाटीभर साखरसुद्धा कधी गेली नव्हती.

गिरिधरकाकाजी म्हणजे एक प्रकरणच होतं. हा अख्खा लेआउट पूर्वी त्यांचं वावर. वावर विकलं, प्लॉट पडले, रस्ते झाले. एक प्लॉट त्यांनी स्वतःला ठेवला आणि तिथेच घर बांधून राहिले. जमीन गेली, पण खोड गेली नाही. दोन वावरांमधल्या बांधाला इकडे धुरा म्हणतात, आणि शेजाऱ्याचा धुरा कोरण्यात काकाजींचा हात कोणी धरला नसता. दरसाली नांगराचं एक तास पलीकडे टाकायचं. शेजाऱ्याला पत्ता लागेपर्यंत हातभर जमीन यांची झालेली असायची. लेआउटमध्ये नांगर गेला आणि काठी आली. रोज संध्याकाळी ते दोन घरांमधल्या बोळातून काठी ठोकत फिरायचे. ठक. ठक. ठक. सुमंत कूलरमध्ये पाणी भरायला बोळात उतरला की पलीकडून ठरलेला आवाज यायचा, "इकडं येतानी विचारून येत जा गा."

गंमत अशी, की जन्मभर दुसऱ्यांचे धुरे कोरणारा हा माणूस या एका भांडणात मात्र खरा होता. काकाजी मुलीकडे काटोलला गेले असताना सुमंतने आपल्या मुलीसाठी, भैरवीसाठी, मागची खोली वाढवून घेतली होती. पाया खणताना हद्दीचा दगड लागला. मिस्त्रीने हात थांबवून सुमंतकडे पाहिलं. "घे आतमधी," सुमंत म्हणाला. दगड खोलीच्या पोटात गेला आणि खोली हातभर काकाजींच्या जागेत गेली.

काकाजी परतले, त्यांनी भिंतीला काठी लावून पाहिली, आणि मग उठताबसता एकच सुरू झालं. "पोरीचा पलंग माह्या वावरात हाये." भैरवीला याची भारी मजा वाटायची. खिडकीच्या गजांमधून ती त्यांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायची आणि म्हणायची, "काकाजी आजोबा, हे घ्या भाडं." काकाजी गोळी तोंडात टाकायचे आणि तिच्या बापाला शिव्या देत पुढे जायचे.

फाल्गुनात ते गेले. त्याच भिंतीपाशी, हातात काठी असताना. सुमंतला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, वाईटापेक्षा मोकळं जास्त वाटलं. आता खोलीच्या रेषेत कंपाउंडची भिंत घातली की कटकट मिटली. भैरवीची खोली कायमची भैरवीची. तेवढा यमुकाकूंचा होकार हवा होता.

"भिंत घालाची म्हनता?" काकूंनी डबा घेत विचारलं. "घाला ना. मी एकटी बाई, मले काय करायची हातभर जागा."

इतकं सोपं असेल असं सुमंतला वाटलं नव्हतं. तो उठायलाच लागला होता.

"पन आधी ढेकूळ घ्या, सुमंतभाऊ."

"ढेकूळ?"

"आमच्या गावात धुऱ्याचं भांडन झालं का मोजनीवाला नाही बलावत. धुऱ्यावरची माती घ्याची, डोक्स्यावर ठेवाची आन् चालाचं. दुसऱ्यानं त्याच्या मांगं चालाचं. मांगं वळून पाहाचं नाही, मधात ठेवाचं नाही. जिथं ढेकूळ खाली ठेवलं, तिथं धुरा. त्याच्या तिकडचं सारं तिकडच्याचं. झाड असो, इहीर असो, बांधलेलं ढोर असो. मंग भांडन नाही."

"आणि खोटं चालला तर कोणी?"

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "तर माती आपली आपन मोजून घेते."

सुमंत हसला. काकाजींनीही त्याला कितीदा तरी हेच म्हटलं होतं, ढेकूळ घे, आणि तेव्हाही तो असाच हसला होता.

"हासू नका. त्यायच्या जिवाले तेवढंच बाकी राह्यलं. आजच घ्या, दुपारी, ऊन नेमकं डोक्स्यावर आलं का. या दिवसात सावली कोनाच्याच बाजूले पडत नाही."

"पण मागं कोण चालन? काकाजी तर..."

काकूंनी दाराआडची काठी काढली. "ही घेऊन मी चालतो ना."

एका म्हातारीची समजूत, दहा पावलांचा खेळ. सुमंतने हो म्हटलं.

दुपारी दीप्तीने त्याच्या डोक्याला दुपट्टा बांधला आणि लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला. "अख्ख्या दुनियेत भिंत घालायच्या आधी कोणी डोक्यावर माती घेते का?" ती पुटपुटली. भैरवी तिच्या खोलीत झोपली होती. कूलरमधून ओल्या खसचा वास येत होता.

नागपूरची ती दुपार ज्याने पाहिली त्यालाच कळेल. रस्त्यावर कुत्रं नसतं. कावळा ओरडत नाही. बोळाच्या मागच्या टोकाला सुमंतने वाकून माती उकरली तर सुकं, दगडासारखं ढेकूळ हाताला आलं. तो उभा राहिला. पायाखाली पाहिलं तर खरोखरच सावली नव्हती. आपण तिथे नाहीच आहोत असं त्याला क्षणभर वाटलं.

"चाला," मागून काकू म्हणाल्या.

तो निघाला. भिंतीला धरून, आपल्याला हव्या त्या रेषेवरून. मागे काठी वाजली. ठक. बरोबर चाललं होतं. ठक. ढेकूळ नारळाएवढंच, पण मान आखडायला लागली. त्याने दोन्ही हातांनी ते धरलं.

तेवढ्यात लाइट गेली. सगळ्या लेआउटचे कूलर एकदम बंद पडले, आणि एवढी शांतता झाली की सुमंतला स्वतःचा श्वास ऐकू आला. श्वास एक नव्हता. मागून कोणीतरी धापा टाकत होतं, छातीत घरघर असल्यासारखं. यमुकाकूंना दमा नव्हता. दमा काकाजींना होता.

ठक.

"काकू... हळू या," तो म्हणाला. मागून फक्त धाप ऐकू आली. नाकात एक वास शिरला. ओल्या, नुकत्याच नांगरलेल्या मातीचा. भर नवतप्यात, जिथे हातभर खणलं तरी ओल लागत नाही, तिथे.

घाम डोळ्यांत गेला म्हणून त्याने मान थोडी वर केली आणि समोर पाहिलं. बोळाच्या पुढच्या टोकाला, स्वतःच्या घराच्या ओट्यावर, यमुकाकू गुडघे धरून बसल्या होत्या. हात मोकळे होते.

"काठी... काठी कुठाय काकू?"

"भिंतीले टेकून ठेवली गा तिथीच," त्या तिथून म्हणाल्या. "दोन पावलं चालली आन् गुडघे धरले माह्ये. मांगच्या दारानं घरातून इथं येऊन बसली. तुमी चाला, थांबू नका."

ठक. अगदी पाठीशी.

सुमंतने खाली पाहिलं. त्याची स्वतःची सावली नव्हतीच. पण मागून एक सावली त्याच्या पायांमधून पुढे आली होती, लांब, संध्याकाळी पडते तशी, आणि तिच्या हातात काठी होती. डोक्यावरचं ढेकूळ आता पाण्याने भरलेल्या हंड्यासारखं जड झालं होतं. टाकावं, टाकून पळावं, असं त्याला वाटलं. पण काकूंचं बोलणं डोक्यात बसलं होतं. मधात ठेवाचं नाही. इथे ठेवलं तर रेष अर्धीच राहील, खोली जाईल. भैरवीची खोली जाईल. तो रेटून चालत राहिला.

खिडकीपाशी पोचला तेव्हा आतून भैरवीचा झोपाळू आवाज आला.

"बाबा, काकाजी आजोबा म्हणून राहिले, तुम्ही वाकडे चालून राहिले."

सुमंत थांबला.

"बाबा... ते खिडकीतून हात काहून घालून राहिले? माझ्याजवळ आज गोळी नाही ना..."

मग मात्र त्याला काहीच सुचलं नाही. तो धावला. बोळातून पुढे, काकूंच्या समोरून, आपल्या फाटकातून, हॉलमधून. दीप्ती "काय झालं?" म्हणून उठली तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. एका हाताने डोक्यावरचं ढेकूळ तसंच धरलेलं होतं; कोणी विचारलं असतं तर का धरलंय हे त्याला सांगता आलं नसतं. खोलीच्या दारात तो पोचला. भैरवी पलंगावर बसली होती, खिडकीकडे तोंड करून, आणि तिची वेणी कोणी बोटावर गुंडाळावी तशी गजांच्या बाजूला ताणलेली होती.

पोरीला उचलायला दोन्ही हात लागतात. सुमंतने ढेकूळ उंबऱ्यावर ठेवलं, आत झेप घेतली आणि तिला छातीशी धरून बाहेर आला.

लाइट आली. कूलर सुरू झाला. खिडकीत कोणी नव्हतं. भैरवी अर्धवट झोपेत बापाच्या खांद्यावर मान टाकून म्हणाली, "घाम येऊन राहिला तुम्हाला." सुमंतला रडू आलं. तिचं अंग गार लागत होतं, पण कूलरपुढे झोपलेल्या पोराचं अंग गारच लागतं.

यमुकाकू गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत हॉलपर्यंत आल्या. त्यांनी उंबऱ्यावरच्या ढेकळाकडे पाहिलं. मग खोलीकडे. मग ढेकळाकडे.

"इथं ठेवलं?"

"जाऊ द्या काकू. खोली तुमची. अख्खी घ्या. मले नको आता..."

"खोलीचं नाही विचारून राहिली मी." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "ढेकूळ ठेवलं तवा पोरगी कुठं होती?"

सुमंतने भैरवीला आणखी घट्ट धरलं.

"सुमंतभाऊ... ठेवलं तवा पोरगी कोनत्या बाजूले होती?"

दीप्तीने भैरवीला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि काकूंना घराबाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्या माणसावर ओरडली.

पाऊस सुरू व्हायच्या आत सुमंतने खोली पाडली. हद्दीचा दगड पायाच्या खड्ड्यातून काढून होता तिथे परत रोवला, त्याला पाणी घातलं, हात जोडले. यमुकाकू ओट्यावरून बघत होत्या. "आता फिटलं ना, काकू?" त्याने विचारलं. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, एवढाच त्यांचा दोष. "घेतलेलं त्यायनं कधी परत नाही केलं गा," त्या म्हणाल्या. "जित्तेपनीही नाही."

दिवाळीनंतर सुमंत आणि दीप्तीने आपलं घर भाड्याने दिलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेशाकडे, फ्लॅट घेतला. तिसरा मजला. खाली पार्किंग, वर गच्ची, चारी बाजूंनी सिमेंट. "इथं कुठून येतो धुरा," दीप्ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी दोघं हसली. भैरवीचा पलंग त्यांनी आपल्याच खोलीत, खिडकीखाली लावला. पोरगी मजेत होती. खायची, शाळेत जायची. फक्त बसायची नेहमी खिडकीकडे तोंड करून, आणि दप्तरात लिमलेटच्या गोळ्या ठेवायची, स्वतः कधी खायची नाही.

एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सुमंत खोलीत आला. भैरवी पलंगावर पालथी पडून चित्र रंगवत होती. फरशीवर काहीतरी हिरवं दिसलं म्हणून तो वाकला. दोन टाइल्सच्या सांध्यातून हरळी उगवली होती. कोवळी, बोटभर, धुऱ्यावर असते तशी. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ ओळ. ओळीच्या अलीकडे त्याचा आणि दीप्तीचा पलंग होता. पलीकडे भैरवीचा.

त्याने ती ओलांडायला पाय उचलला.

"बाबा," भैरवी चित्रातून मान वर न करता म्हणाली, "इकडं येतानी विचारून येत जा."

सुमंतचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"येऊ का, बेटा?"

भैरवीने खिडकीकडे मान वळवली. कोणी हळू आवाजात काही सांगत असावं तसं थोडा वेळ ऐकलं. मग बापाकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली.