काजं डावीकडे

तिने दार न ठोठावताच ढकललं आणि लाल दिव्याच्या खोलीत पांढरा उजेड घुसला. ट्रेमधला कागद बघता बघता काळा पडला.

"बाहेर पाटी आहे," फोटोवाला शांतपणे म्हणाला.

"माझ्या कोटाची वाट लागलीय, आणि तुम्ही पाट्या वाचायला सांगताय?"

वरच्या मजल्यावरच्या दुकानात ती कपडे बेतायची. जुन्या फ्रेंच सिनेमातल्या एका नटीच्या गौरवासाठी दुकानाची दर्शनी काच सजणार होती, आणि त्या नटीचा कोट खालच्या फोटोवाल्याने छापून दिलेल्या फोटोवरून हुबेहूब शिवायचं काम प्रथमच तिच्या एकटीकडे आलं होतं. तिने तो शिवला. सकाळी मालकीणबाईंनी सर्वांदेखत सुनावलं, की काजं डावीकडे आहेत, हा पुरुषी कोट झाला. एवढं कळत नसेल तर यापुढे नुसती बटणं लाव. फोटोत काजं डावीकडेच होती, हे ऐकायला कोणी तयार नव्हतं.

तिने पुढे केलेल्या फोटोवर त्याने भिंग धरलं. नटीच्या मागे भिंतीवर एक इवलंसं घड्याळ होतं. आकडे उलटे.

"निगेटिव्ह मी उलटी बसवली," तो म्हणाला. "चूक माझी आहे."

अख्खं भांडण तयार करून आलेल्या माणसाला असं निःशस्त्र करणं... हा तर शुद्ध अन्याय होता. ती आणखीच चिडली.

त्याने वर येऊन मालकीणबाईंसमोरही तेच सांगितलं. मुदत मिळाली, उद्या दुपारपर्यंत. कापलेली काजं काही बुजवता येत नाहीत, त्यामुळे पुढचे दोन्ही भाग नव्याने बेतायचे होते. तो न विचारताच अस्तर उसवायला बसला. तिने नवं कापड पसरून कात्री घेतली. मग तिने विचारलं, की फोटोवाल्याला याची काय गरज?

"तुमच्या दुकानाचे ट्रायलचे फोटो मीच धुऊन देतो," तो मान खाली घालून म्हणाला. "कडेला टाचण्या लावणारे तुमचे हात असतात. मालकीणबाई म्हणतात, फोटोतून ते हात कापून टाका. सगळ्यांना कपडा घालणारीची ऐट दिसते... मला वाटायचं, ती या हातांतून येते. सहा महिने मी ते हात कापतोय. जिवावर येतं."

तिची कात्री थांबली.

"सहा महिने?" ती म्हणाली. "अठरा पायऱ्या आहेत या जिन्याला. अठरा! आणि तुम्ही सहा महिने खाली बसून होतात?"

"उद्यापासून रोज येईन—"

"उद्याचं उद्या. आज मला घरापर्यंत सोडायचं," ती अजून संतापलेलीच होती, "आणि रस्त्यात सगळं पहिल्यापासून सांगायचं."